‘अंदाजानं’ म्हणणाऱ्या माणसाचा अंदाज कागदावर कसा उतरवायचा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीला होतो, तेव्हाची गोष्ट. भट्टीवरचे सगळ्यात जुने काका निवृत्त व्हायचे होते. साहेब म्हणाले, त्यांच्याकडून सगळं लिहून घे. मी वही घेऊन तीन दिवस त्यांच्यासमोर बसलो आणि मेटल कधी ओतायचं यावर दोन पानं लिहिली. पानं टाइप झाली, लॅमिनेट झाली, भट्टीशेजारी लागली. काकांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. पुढच्या महिन्यात रिजेक्शन वाढलं. पानांवरचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, पण त्यातलं एकही वाक्य काका स्वतः वापरत नव्हते.

मुरलेला माणूस परिस्थिती कशी ओळखतो आणि निर्णय कसा घेतो, हे शोधून काढण्याची एक शिस्तशीर पद्धत आहे, हे मला फार उशिरा कळलं. नंतर ती मी करवीर तालुक्यातल्या एका नातेवाइकांच्या गुऱ्हाळावर दोन हंगाम वापरून पाहिली. खालचं सगळं त्या अनुभवावर बेतलेलं आहे. तुमच्याकडे गुऱ्हाळ नसेल. भट्टी असेल, माग असेल, दवाखाना असेल, चांदीचं दुकान असेल. माणूस बदलतो, ‘अंदाजानं हो’ हे उत्तर तेच असतं.

आधी गुऱ्हाळ थोडक्यात

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. घाण्यातून निघालेला रस काहिलीत येतो. खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. रसात भेंडीचं चिकट पाणी आणि चुन्याची निवळी पडते, मळी वर येते, ती काढत राहायची. मग रस आटत जातो. १०५-१०६ अंश सेल्सियसच्या आसपास थांबलात तर काकवी, ११८ च्या आसपास गेलात तर गूळ. त्यानंतर काहील उतरवायची, पाक वाफ्यात ओतून घोटायचा, बादलीत भरायचा, की थंड झाल्यावर रवा, म्हणजे गुळाची ढेप. अशा एका खेपेला आधण म्हणतात. शेवटच्या काही मिनिटांत एक माणूस ठरवतो, ‘आता’. तो गुळव्या. लवकर उतरवलं तर रवा बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो, काळा पडतो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो गूळ अजूनही या एका माणसाच्या ‘आता’वर उभा आहे.

आमच्या गुऱ्हाळावरच्या गुळव्यांना सगळे मामा म्हणतात. मीही म्हणतो.

पायरी १: माणूस नको, निर्णय निवडा

‘मामांचं ज्ञान लिहून काढायचं’ असं ठरवलंत तर वही भरेल आणि हाती काही लागणार नाही. ‘काहील कधी उतरवायची’ हा एक निर्णय घ्या. फार तर त्याला जोडून ‘चुना किती’. बास. निवडलेला निर्णय वारंवार घ्यावा लागणारा असावा, चुकला तर झळ बसणारा असावा, आणि त्यात जुन्या-नव्या माणसात फरक दिसत असावा. तिन्हींपैकी एक गोष्ट नसेल तर दुसरा निर्णय शोधा.

पायरी २: हा खरंच जाणता आहे का, हे तपासा

ही पायरी लोक लाजेपोटी गाळतात. पिकलेले केस म्हणजे जाणता माणूस, असं धरून चालतात.

डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांचं तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेबद्दल टोकाचं वेगळं मत होतं. पहिल्याला तज्ज्ञांच्या चुका दिसायच्या, दुसऱ्याला त्यांची करामत. दोघांनी मिळून २००९ मध्ये एक शोधनिबंध लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. एक, त्या कामात खरोखर काही नियमितपणा हवा. खुणा आणि परिणाम यांचं नातं टिकाऊ हवं. दोन, माणसाला आपल्या निर्णयाचा परिणाम लवकर आणि स्पष्ट दिसायला हवा, तोही पुष्कळ वेळा. दोन्ही असेल तर अंदाजावर विश्वास ठेवायला जागा आहे. नसेल तर आत्मविश्वास कितीही असो, त्याचा उपयोग नाही.

गुळव्या या कसोटीवर उत्तम उतरतो. दिवसाला अनेक आधणं, आणि प्रत्येकाचा निकाल काही तासांत बादलीत दिसतो. रवा बसला की नाही, यावर वाद होत नाही.

उलट उदाहरणही आपल्याच गावचं. पंचगंगेच्या पाण्याचा अंदाज सांगणारी जुनी माणसं प्रयाग चिखली, आंबेवाडीकडं आहेत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आकडे आकाशवाणीवर यायच्या आधी ती पाण्याचा रंग आणि ओढ बघून गुरं हलवायची. साध्या पुरात त्यांचं ऐकावं. पण ‘२००५ च्या खुणेच्या वर पाणी येत नाही’ असं ठामपणे सांगणारे मला स्वतःला भेटलेत, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. असा पूर त्यांच्या आयुष्यात आधी आलाच नव्हता, एवढंच. तेव्हा जाणत्या माणसाबरोबर त्याच्या अनुभवाची हद्दही लिहून घ्या. त्याने सगळ्यात वाईट काय पाहिलंय आणि कधी, हे पहिल्या पानावर असू द्या.

जमल्यास दोन जाणते आणि एक शिकाऊ असे तिघे निवडा. शिकाऊ कशाला, ते पुढे येईल.

पायरी ३: प्रश्न विचारण्याआधी नुसते बसा

निदान दोन पूर्ण पाळ्या. एक दिवसाची, एक रात्रीची. रात्रीची महत्त्वाची, कारण अंधारात मामा बघत कमी होते आणि ऐकत जास्त होते, हे मला तिथंच समजलं. पाक पातळ असताना खळखळ आवाज येतो. आटत आला की बुडबुडे जड होतात, फुटताना ‘फक् फक्’ असा खोल आवाज येतो. मामा विडी ओढत पाठ करून बसलेले असायचे आणि आवाज बदलला की मान वळवायचे. ते फावडं हातात घेईपर्यंत निर्णयाचं अर्धं काम झालेलं असायचं.

या बैठकीत दोनच गोष्टी करा. कामाचे पाच-सहा टप्पे एका कागदावर काढा, रस भरणे ते बादली भरणे. मग तो कागद जाणत्याला दाखवून विचारा, ‘यात कुठं नुसते हात चालतात आणि कुठं डोकं लागतं?’ मामांनी दोन ठिकाणी बोट ठेवलं. उतरवणं हे एक होतंच. दुसरं मला अजिबात अपेक्षित नव्हतं: मळी फुटण्याची वेळ. म्हणाले, ‘हितंच कळतंय आधण कसं निघणार ते. म्होरचं नुसतं सांभाळायचं.’ माझी फाउंड्रीतली चूक इथंच होती. मी शेवटच्या मिनिटावर नजर ठेवून बसलो होतो आणि काका निर्णय अर्धा तास आधी घेत होते.

पायरी ४: ‘कसं ठरवता’ विचारू नका, एक प्रसंग मागा

सगळ्या लेखातली ही मोठी पायरी. इथं वेळ द्या.

‘मामा, आधण कधी उतरवायचं हे कसं ठरवता?’
‘ठरवायचं काय त्यात? कळतंय की.’

हे उत्तर म्हणजे टाळाटाळ नव्हे. १९८० च्या दशकात क्लाइन अमेरिकी लष्करासाठी अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करत होता. त्याची अपेक्षा होती की घाईत हे लोक निदान दोन पर्याय तरी तोलून बघत असतील. अधिकारी सांगू लागले, आम्ही पर्याय-बिर्याय बघतच नाही. बहुतेक प्रसंगी त्यांना परिस्थिती ओळखीची वाटायची, आणि ओळख पटली की काय करायचं ते सोबतच सुचायचं. मग ते मनातल्या मनात एकदा करून बघायचे. अडलं नाही तर तेच. त्यातल्या एका अधिकाऱ्याची हकीकत प्रसिद्ध आहे. स्वयंपाकघरातल्या आगीवर पाणी मारूनही ती हवी तशी दबेना, खोली फार तापलेली, आणि त्या मानानं आवाज मात्र कमी. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि पाठोपाठ जमीन खचली. खरी आग तळघरात होती. त्याला स्वतःला वाटत होतं की आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे. क्लाइननं प्रसंग खोदून विचारल्यावर कळलं की पाणी मारल्यावर जे घडायला हवं होतं ते घडत नव्हतं, हे त्याच्या मनानं टिपलं होतं.

म्हणून प्रसंग मागा. रोजचा नको, अवघड झालेला, बिघडता बिघडता वाचलेला. ही युक्ती जुनी आहे. जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या अभ्यासात ती वापरली आणि १९५४ मध्ये पद्धत म्हणून मांडली. क्लाइनच्या मंडळींनी तिला एकाच प्रसंगावरून चार वेळा जाण्याचं रूप दिलं.

पहिल्या खेपेला मधे न बोलता ऐका. मामांनी सांगितलं ते असं: ‘मंगळवारचं तिसरं आधण. रस चांगला दिसत हुता. मळी काय फुटंना. भेंडी वाढिवली, तरी न्हाई. मग निवळी घातली जादा. रंग गेला, पर रवा बसला.’ एवढंच. सहा वाक्यं.

दुसऱ्या खेपेला तीच हकीकत तुम्ही त्यांना परत सांगा आणि वेळा लावा. ‘भेंडी वाढवली आणि निवळी घातली, या मधे किती वेळ गेला?’ इथं हमखास एखादी विसरलेली गोष्ट निघते. मामा थांबले आणि म्हणाले, ‘न्हाई, मधी पोराला ट्रॅक्टरवाल्याकडं पाठिवलं हुतं. ऊस कवा तोडला इचारायला.’ तो ऊस तीन दिवसांपूर्वी तोडलेला निघाला. शिळ्या उसाच्या रसात आंबटपणा वाढतो, साखर फुटते, आणि गूळ बसायला त्रास देतो. जादा निवळीचं कारण हे होतं. पहिल्या कथनात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

तिसऱ्या खेपेला प्रत्येक वळणावर थांबून खोदा. माझ्या खिशात एक चिठ्ठी असायची, तिच्यावर हे प्रश्न:

– त्या क्षणी तुम्ही काय बघत होता, काय ऐकत होता, कशाचा वास येत होता?
– त्यावरून तुम्हाला काय वाटलं? आधी असं कधी झालेलं आठवलं का?
– पुढे काय होईल असं धरलं होतं?
– त्या वेळी तुम्हाला काय साधायचं होतं?
– तुमच्या जागी नवा पोरगा असता तर त्यानं इथं काय केलं असतं?

तिसरा प्रश्न सोन्याचा. ‘भेंडी घातल्यावर मळी जाड व्हाया पायजे, एका अंगाला गोळा व्हाया पायजे. ती पातळ, काळपट, सगळीकडं पसरलेली.’ म्हणजे मामांच्या डोक्यात एक वेळापत्रक होतं. नुसती खूण नव्हे, तर कोणत्या खुणेनंतर किती वेळात कोणती खूण यायला हवी, याचं. वेळापत्रक मोडलं की ते जागे व्हायचे. आगीतला अधिकारी आणि मामा यांच्यात या बाबतीत काही फरक नाही.

चौथ्या प्रश्नानं आणखी एक गोष्ट उघड झाली. सौद्यात रंगाला भाव असतो, म्हणून मामा नेहमी पिवळ्या रंगासाठी झटतात. त्या आधणात मात्र त्यांनी मध्येच ध्येय बदललं: रंग सोडला, रवा धरला. बदल केव्हा झाला? ट्रॅक्टरवाल्याचं उत्तर आल्यावर लगेच. नवीन माणसाला ही घडी सापडत नाही. तो रंगही धरायला जातो आणि रवाही.

चौथ्या खेपेला ‘समजा’ लावा. समजा ऊस ताजा असता आणि तरी मळी फुटली नसती तर? (‘मग जमीन खारी.’) समजा निवळी संपली असती तर? (‘काकवी केली असती. वाया कशाला घालवायचं?’) तिसराही मार्ग होता, हे असंच कळतं.

एका बैठकीला दीड-दोन तास लागतात. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या, आणि मोबाइल चुलवाणापासून लांब ठेवा. माझा एक असाच गेला.

एक धोक्याचं: प्रसंग सांगताना माणूस जे पाहिलं ते चांगलं आठवतो, पण ‘का केलं’ याची कारणं मागाहून जुळवतो. निस्बेट आणि विल्सन यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की आपल्या वागण्याची कारणं सांगताना माणसं आत्मविश्वासानं चुकतात. म्हणून ‘का’ कमी विचारा, ‘काय दिसलं’ आणि ‘मग काय’ जास्त.

पायरी ५: शिकाऊ माणसाला तेच दाखवा

आद्रियान द ग्रोट या डच बुद्धिबळपटू-मानसशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात उत्तम आणि साध्या खेळाडूंची तुलना केली. पुढे १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवून मोहरी आठवून मांडायला सांगितली. खऱ्या डावातला पट असेल तर मास्टर नवशिक्यांच्या फार पुढे. मोहरी कशीही विखुरलेली असली की मास्टरचा वरचष्मा जवळजवळ संपतो. म्हणजे त्याची स्मरणशक्ती वेगळी नव्हती, त्याला आकृतीची ओळख होती.

याचा घरगुती अवतार असा. मोबाइलवर उकळत्या पाकाचे आवाजासकट छोटे व्हिडिओ घ्या. निर्णयाच्या थोडं आधी थांबवा. जाणत्याला आणि शिकाऊला वेगवेगळं बसवून विचारा: काय दिसलं, आता काय होईल. आमच्याकडचा पोरगा फक्त रंगावर बोलला. मामा व्हिडिओ बघून म्हणाले, ‘ह्यो जाळ कुणी कमी केला?’ जाळ चित्रात नव्हताच! काहिलीच्या एका बाजूचे बुडबुडे लहान झालेले त्यांनी पाहिले होते. या फरकातून जे निघतं, ते तुमच्या मॉडेलचं, म्हणजे जाणत्याच्या निर्णयाच्या लेखी आराखड्याचं, खरं भांडवल. दोघांनाही दिसतं ते लिहायची गरज नाही.

पायरी ६: मॉडेल मांडा

मॉडेल म्हटलं की लोक बाणांचे चौकोन काढायला बसतात. मी साधी कार्डं करतो, प्रत्येक ‘ओळखीच्या परिस्थिती’ला एक. आमच्या गुऱ्हाळाची सात झाली. त्यातलं एक जसंच्या तसं:

परिस्थिती: शिळा ऊस.
खुणा: भेंडी घालूनही मळी पातळ, काळपट, पसरलेली; रसाला आंबूस वास; काहिलीच्या कडेला फेस टिकून राहतो.
खात्री कशी करायची: ऊस कधी तोडला ते विचारा.
ध्येय: रंग सोडा, रवा धरा.
करायचं काय: निवळी वाढवा, थोडी थोडी, दर वेळी मळीकडं बघा.
मग काय दिसायला हवं: मळी जाड होऊन एका बाजूला येते.
नाही दिसलं तर: हे कार्ड लागू नाही. जमिनीचं विचारा, किंवा काकवीवर थांबा.

शेवटच्या दोन ओळी नसतील तर ते कार्ड नाही, नुसती कृती आहे. माझी फाउंड्रीतली दोन पानं अशीच होती: अमुक झालं की तमुक करा. अंदाज चुकतोय हे ओळखायचं कसं, हेच त्यात नव्हतं.

उतरवण्याच्या कार्डात एकाला एक लागून तीन खुणा आल्या. आधी आवाज जड होतो. मग फावड्यावरून पाक धारेनं न पडता पातळ पडद्यासारखा लोंबतो. शेवटी गोळी: थेंबभर पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी वळायचा, आणि भांड्यावर मारून बघायचं की टणक आवाज येतो का. गोळी सगळ्यांना माहीत असते, शिकवतातही तीच. पण मामा ती फक्त खात्रीसाठी करतात. दर आधणाला करतही नाहीत.

पायरी ७: जिथं आकडे चालतात तिथं आकडे घ्या

प्रसंगांची पद्धत धावत्या कामासाठी. पण काही जाणते एकाच जागी बसून वस्तूमागून वस्तू पारखतात. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची पारख करणारा व्यापारी असा. तिथं वेगळं तंत्र आहे, आणि त्याचा उगम शेतीतच आहे.

हेन्री वॉलेस हे पुढे अमेरिकेचे कृषिमंत्री आणि मग उपराष्ट्राध्यक्ष झाले. १९२३ मध्ये त्यांनी मक्याच्या कणसांची पारख करणाऱ्या परीक्षकांच्या डोक्यात नेमकं काय चालतं, यावर एक लेख लिहिला. परीक्षकांनी कणसांना दिलेले गुण घेतले, कणसांची मापं घेतली आणि कोणत्या गुणाला किती वजन मिळतं ते गणितानं काढलं. परीक्षक सगळ्यात जास्त भुलत होते कणसाच्या लांबीला. त्यांचं एकमेकांशी बऱ्यापैकी जमत होतं, पण प्रत्यक्ष उत्पन्नाशी त्यांच्या गुणांचं नातं फारच क्षीण होतं. सगळ्या जाणत्यांचं एकमत आणि सगळेच चुकीच्या खुणेमागे!

हेच गुळावर करायचं असेल तर: ४०-५० नमुने घ्या. प्रत्येकाचा रंग, कठीणपणा, कण, खारटपणा स्वतंत्रपणे नोंदवा. व्यापाऱ्याच्या आधी आणि त्यांच्या माघारी. त्यांच्याकडून दहापैकी गुण घ्या. सात-आठ नमुने त्यांना न सांगता दुसऱ्यांदा पुढे सरकवा. मग एक्सेलमधल्या रिग्रेशननं, म्हणजे कोणत्या खुणेचा गुणांवर किती परिणाम होतो ते काढणाऱ्या गणितानं, वजनं काढा. खुणा चार असतील तर ४० नमुने किमान. खुणा वाढल्या की नमुने वाढवा. आणि हे विसरू नका: पिवळा रवा बहुधा कठीणही असेल, तर व्यापारी कशाकडे बघतात हे गणित सांगू शकणार नाही. पिवळे पण मऊ, काळपट पण टणक असे रवे मुद्दाम शोधून घालावे लागतात.

दुसऱ्यांदा सरकवलेल्या नमुन्यांना व्यापाऱ्यानं वेगळेच गुण दिले, तर खजील होऊ नका आणि त्यांनाही करू नका. लुइस गोल्डबर्ग यांनी १९७० मध्ये २९ चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांचे निर्णय घेऊन प्रत्येकाचं असंच गणिती मॉडेल केलं. बहुतेकांचं मॉडेल त्या माणसापेक्षा किंचित सरस निघालं. मॉडेल दमत नाही आणि त्याला सकाळ-संध्याकाळ सारखीच.

या पायरीचा माझ्यासाठी खरा फायदा वेगळाच झाला. रंगाचं वजन किती मोठं आहे हे दिसल्यावर कळलं, की गूळ पिवळा दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस (रंग उजळवणारं रसायन) का पडतो. गुळव्याचा निर्णय काहिलीपाशी घेतला जातो, पण त्याला वळण सौद्यानं लावलेलं असतं. तुमच्या जाणत्याला शाबासकी कुठून मिळते, हे मॉडेलच्या समासात लिहून ठेवा.

पायरी ८: मॉडेलची परीक्षा घ्या, माणसाची नको

नव्या आधणांवर तपासा. ज्या प्रसंगांतून कार्डं काढली त्यांच्यावर नव्हे. मामांनी तोंड उघडायच्या आधी मी कार्डांवरून माझा अंदाज कागदावर लिहायचो: कोणतं कार्ड, किती अंशांना उतरेल. मग कागद उलटा ठेवायचा.

थर्मामीटर मी हौसेनं आणला होता आणि बऱ्याच आधणांची सरासरी काढून ११८ हा आकडा कार्डावर छापूनही टाकला होता. ताज्या उसाला तो चालला. मग एका शेतकऱ्याचा ऊस आला आणि सलग तीन आधणं माझा कागद चुकला. मामा दोन-तीन अंश पुढे नेत होते. तो खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) होता, नदीकाठच्या खारवट रानातला. अशा रसाचा रवा ११८ ला मऊ पडतो, हे मामांना ट्रॅक्टर कुणाचा आहे ते बघूनच समजलं होतं. रस काहिलीत पडायच्या आधी! माझ्या कार्डांवर काहिलीबाहेरची एकही खूण नव्हती.

चुकलेली आधणं अशी एका ठिकाणी गोळा झाली तर आनंद माना, तिथं एक कार्ड कमी आहे. सगळीकडे विखुरली तर मात्र खुणाच चुकल्यात. चौथ्या पायरीला परत जा. मॉडेल दर वेळी बरोबर येत असेल तर तुम्ही फार सोपी आधणं निवडलीत.

सगळ्यात शेवटची परीक्षा शिकाऊची. त्याला कार्डं द्या आणि जाणता जवळ असताना निर्णय घेऊ द्या. कार्ड वाचायला थांबावं लागलं तर ते फार लांब आहे.

पैसा, नाव आणि परवानगी

हे शेवटी लिहितोय, पण बोलायचं पहिल्या दिवशी. गुळव्याची रोजी त्याच्या अंदाजावर आहे. तो कागदावर उतरला की उद्या त्याच्या जागी स्वस्तातला पोरगा उभा राहील, ही भीती खरी आहे, आणि फाउंड्रीत ती काकांनाही असणार. मी तेव्हा विचारलंच नाही. गुऱ्हाळावर मात्र आधी ठरवलं: बसण्याच्या वेळेचे पैसे वेगळे, कार्डांवर नाव मामांचं, आणि कार्डं त्या गुऱ्हाळाबाहेर त्यांना विचारल्याशिवाय जाणार नाहीत. वर छापलेलं कार्ड त्यांनी होकार दिला म्हणून छापलंय. बाकीची सहा नाहीत.

कार्डं पूर्ण झाल्यावर एका संध्याकाळी मी ती त्यांना वाचून दाखवली. मामांनी सगळी ऐकली. खारवट रानाच्या कार्डावर म्हणाले, ‘ह्यात वाऱ्याचं न्हाई लिवलं.’ कसला वारा? पूर्वेचा गार वारा सुटला की चिमणीची ओढ बदलते, जाळ एका अंगाला जातो आणि आवाज फसवतो. दोन हंगामांत हे एकदाही आलं नव्हतं. मी म्हटलं, मामा, हे आधी का नाही सांगितलंत?

‘आवो, वारा सुटल्याबिगार कसं आठवंल?’

आता हंगामाच्या पहिल्या आठवड्यात मी एक रात्र वही घेऊन जातो. आठवं कार्ड अजून अर्धवट आहे.